पाइनच्या बाकावरचा ठिय्या

"लाकूड खराब नाही," असं म्हणत मुनव्वर मिस्त्रीने फळीवर अंगठ्याचं नख रोवलं. नख उचललं तरी खूण तिथेच राहिली. "पन मऊ हाय ललितभाऊ. आन् या मऊ लाकडाची अन् अकोल्याच्या मे महिन्याची सोयरीक जमत नाही, हे मी तुले आजच सांगून ठेवतो."

ललितला सांगून काही उपयोग नव्हता. तो एका डाळमिलमध्ये फिटर होता. मिलमध्ये डाळ निवडायचं नवंकोरं परदेशी यंत्र आलं, तेव्हा सगळे यंत्राकडे बघत होते आणि ललित यंत्राच्या पेटीकडे. पेटी पाइनच्या लाकडाची होती. पिवळसर, गुळगुळीत, आणि फळी उचलावी तर एका हाताने उचलली जाईल इतकी हलकी. शिवाय वास असा छान, की ललितने दोन वेळा नाक लावून हुंगलं आणि हेडफिटरने त्याला तब्येतीचं विचारलं. मालकाने "ने बाप्पा" म्हटल्यावर त्याने त्या पेटीसकट आणखी तीन पेट्या घरी आणल्या, आणि बायकोला म्हणाला, "ज्योत्स्ना, तुह्या अभ्यासिकेले बाक झाले समज."

ज्योत्स्ना डाबकी रोडला अभ्यासिका चालवत होती. स्वतः तिची तलाठ्याची नोकरी दोन मार्कांनी हुकली होती. हे दोन मार्क तिच्या मनातून काही जात नव्हते, म्हणून तिने दुसऱ्यांचे मार्क वाढवायचा धंदा सुरू केला. धंदा म्हणजे फक्त म्हणायला. मिळत काही नव्हतं. जुन्या जिनिंगचं टिनाच्या छपराचं गोदाम, त्यात अठ्ठावीस पोरंपोरी, एक मोठा कूलर, आणि भिंतीवर पाटी: 'येथे बोलू नये. खोकायचे असल्यास बाहेर जावे.' आजवर सगळे सतरंजीवर बसायचे आणि दर अर्ध्या तासाने कुणाची तरी कंबर कडकन वाजायची. बोलायला बंदी होती, कंबरेला नव्हती.

"तू तेवढा सल्ला दे मुनव्वरभाई, काम मी करतो," ललित म्हणाला. त्याने मोबाइलवर बाक बनवायचे अकरा व्हिडिओ पाहिले होते, आणि अकरा व्हिडिओ पाहिलेल्या माणसाला मिस्त्री लागत नाही.

"सल्ला आयक मंग. रंधा हे लाकूड मस्त घेते. पन टोकाशी खिळा ठोकला त फाटते, पह्यले ड्रिलनं भोक पाड. फळ्या कर, पेट्या कर, लेकरायचं खेळनं कर, बाकबी कर. पन ह्या गाठी दिसून राहिल्या का तुले?" मुनव्वरने फळीवरच्या तपकिरी गाठीवर बोट ठेवलं. "याच्या पोटात राळ राहते. हे थंड मुलखातलं झाड. तिकडं ती राळ आत गपचूप झोपून राहते. इकडं पत्र्याखाली तापलं, की येते बाहेर. म्हनून गाठीवर आधी चपड्याचे, म्हंजे पातळ लाखेचे, दोन हात मार, वाळू दे, मंग वार्निश."

"व्हिडिओत त्या मानसानं चपडा लावला नाही."

"त्या मानसानं आंगात काय घातलं होतं?"

ललितने आठवून पाहिलं. "स्वेटर."

"मंग!" मुनव्वर म्हणाला आणि आपल्या कामाला लागला.

पण मार्च महिना होता, हवा बरी होती, आणि ज्योत्स्नाला बाक सोमवारपर्यंत हवे होते. ललितने चपडा पुढच्या खेपेला ठेवला आणि थेट वार्निश मारलं. सात बाक झाले, चार-चार फुटांचे; त्यांवर न मावणारे सतरंजीवरच राहिले. ललित एकेक बाक एका हातात डोक्यावर धरून गल्लीतून मिरवत घेऊन गेला. पोरं खूश झाली. दोन महिने सगळं गोडीगुलाबीने चाललं.

मग मे आला. अकोल्याचा मे काय असतो, हे ज्याला माहीत आहे त्याला सांगायची गरज नाही आणि ज्याला माहीत नाही त्याचा विश्वास बसणार नाही. पत्रा तापला, गोदाम तापलं, आणि मुनव्वरने सांगितल्याप्रमाणे गाठी जाग्या झाल्या. सहा बाक आतल्या बाजूला होते, त्यांना नुसता घाम फुटला. पोरांनी बुडाखाली कुणी उशी, कुणी चादरीची घडी घेतली आणि अभ्यास चालू ठेवला. सातवा बाक मात्र पश्चिमेच्या खिडकीखाली होता. दुपारी बारानंतर त्याच्यावर ऊन असं पडायचं की तिथे पापड भाजता आला असता. त्या बाकावर दुपारचं कुणी बसायचं नाही. रविवारी सकाळी ललितने त्याच्यावर सहज पेपर ठेवला, तर पेपर उचलता येईना. ओढला तर अर्धा पेपर हातात आणि अर्धा बाकावर. ललितने उरलेला अर्धा खरवडून काढला, इकडेतिकडे पाहिलं, आणि ही गोष्ट कुणाला सांगितली नाही.

त्याच रविवारी दुपारी दीड वाजता पुंजाजीभाऊ आले.

गोदाम पुंजाजीभाऊंचं. वय एकसष्ट, अंगात पांढरा सदरा आणि त्याच दिवशी शिंप्याकडून आलेली फिकट पिवळी लिननची पँट, कारण संध्याकाळी सहाला त्यांच्या पुतणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होतं आणि तिथे दोन शब्द बोलायचा मान त्यांचा होता. दोन वर्षांपूर्वी त्यांनीच मोठ्या मनाने ज्योत्स्नाला ही जागा दिली होती. बोलण्यात एक वाक्य ठरलेलं: "आमी मॅट्रिक पह्यल्या दमात पास. आमच्या टायमाची मॅट्रिक म्हंजे आताची बी.ए."

"ताई," ते पाटी बघून दबक्या आवाजात म्हणाले, "भाचा जिम टाकून राह्यला. सामान बुधवारी येते. उद्या सोमवारी हॉल खाली करून द्या."

ज्योत्स्नाने हातातला पेपरांचा गठ्ठा खाली ठेवला. "काकाजी, पोरायची परीक्षा एकवीस दिवसांवर आली. आता यायले घेऊन मी जाऊ कुठं? निदान परीक्षा होऊ द्या."

"जिमबी पोरायसाठीच हाय ना."

"दोन वाजता आमचा सराव पेपर हाय. चारले संपते. मंग बोलू ना जी."

"बोलाचं काय त्याच्यात? हे पाह्या, मी इथं बसलो. तुमी हो म्हनल्याशिवाय मी उठत नाही," असं म्हणून पुंजाजीभाऊंनी हॉलभर नजर फिरवली. सगळे बाक भरलेले. खिडकीखालचा एकच रिकामा, ऐसपैस. ते तिकडे गेले आणि आपलं ब्याण्णव किलोचं वजन त्यांनी त्या बाकावर ठेवलं.

बसताना त्यांना जरा चटका बसला. पण माणूस ठिय्या द्यायला बसला की चटक्याने उठत नाही. त्यांच्या कपाळावरून घाम निथळत होता. ज्योत्स्ना पडली संस्कारी बाई. घर मोडायला आलेल्यालाही आधी पाणी द्यायचं, हे तिच्या आईने शिकवलेलं. तिने पाण्याचा गिलास दिला आणि कूलरचं तोंड त्यांच्याकडे वळवलं. गार वाऱ्याने पुंजाजीभाऊंचा डोळा लागला. आणि खाली, तापून पातळ झालेली राळ, जी दहा मिनिटं लिननमध्ये निवांत मुरली होती, ती त्याच वाऱ्याने घट्ट झाली.

पावणेदोनला खिशातला फोन थरथरला. घरून बोलावणं होतं. हार-फुलांचं बघायचं होतं. पुंजाजीभाऊंनी विचार केला, ठिय्या तासाभराने परत येऊन देऊ. ते उठायला गेले. वरचा अर्धा माणूस उठला. खालचा उठला नाही. त्यांनी जरा जोर लावला तेव्हा पँटीतून 'चर्र' असा बारीक आवाज आला. पुंजाजीभाऊ झटकन खाली बसले आणि काहीच झालं नाही अशा चेहऱ्याने त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

दोन वाजले. पेपर वाटायचं काम अलीझाकडे होतं. अलीझा अभ्यासिकेत कायम पहिली यायची आणि शिस्तीच्या बाबतीत कुणाचं ऐकायची नाही. ती पुंजाजीभाऊंसमोर येऊन उभी राहिली.

"काकाजी, पेपर चालू असताना हॉलमधी रिकामं बसता येत नाही. मॅडमचा नियम हाय. एक त पेपर सोडवा, नाही त बाहेर बसा."

"मी या हॉलचा मालक हावो, बाई."

"हावो जी. पन नियम हाय."

बाहेर जाता आलं असतं तर पुंजाजीभाऊ केव्हाच गेले असते. त्यांनी हात पुढे केला. "दे. पेन्सिलबी दे. मॅट्रिक पह्यल्या दमात पास हावो मी."

पेपर शंभर प्रश्नांचा होता. पहिल्याच प्रश्नाला पुंजाजीभाऊंचं डोकं फिरलं. एक नळ टाकी सहा तासांत भरतो, दुसरा चार तासांत, तर दोन्ही मिळून किती वेळात? त्यांनी दोन वेळा वाचलं. हे कुठल्या गावचे नळ? त्यांच्या घरी नळ पाचव्या दिवशी यायचा आणि पाऊण तासात जायचा. टाकी अर्धीच भरायची. त्यांनी चारही पर्याय खोडले आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलं, 'भरत नाही.'

इकडे ज्योत्स्नाला वेगळीच धडकी भरली होती. माणूस बसला तो बसलाच. घरून दोनदा फोन आला तरी हलला नाही. उलट पेपर सोडवतोय! इतका निगरगट्ट ठिय्या तिने कलेक्टर ऑफिससमोरही पाहिला नव्हता. तिने बाहेर येऊन ललितला फोन लावला.

"लवकर या. पुंजाजीकाका हॉल खाली कर म्हनून अडून बसले. दीड वाजल्यापासून उठूनच नाही राह्यले."

"कोनत्या बाकावर?" ललितने विचारलं.

"बाकाचं काय घेऊन बसले तुमी? खिडकीखालच्या."

मग ललित अगदी हळू म्हणाला, "ज्योत्स्ना, ते बसले नाहीत. ते चिकटले."

दहा मिनिटांत ललित हजर झाला. सोबत मुनव्वर. तिघांनी मागच्या दारातून डोकावून पाहिलं. पुंजाजीभाऊ ताठ बसले होते, लग्नातल्या नवरदेवासारखे.

"सांगून टाकू का त्यायले?" ज्योत्स्ना म्हणाली.

"सांगशील त ते म्हनतीन, तुमी मुद्दाम चिकटवलं," ललित म्हणाला. "मंग उद्या काय, आजच बाहेर काढतीन. त्यायले पत्ता न लागता सोडवलं पाह्यजे. मुनव्वरभाई, उपाय सांग."

मुनव्वरने टाळू खाजवली. त्याला 'मी सांगितलं नव्हतं का' असं म्हणायची फार इच्छा होती, पण तो सज्जन होता. ते त्याने संध्याकाळवर टाकलं. "राळ थंडीनं कडक होते. एकदम थंड केली त टिचकन तुटते. बर्फ लागंन."

एवढंच ऐकून ललित पळाला. मुनव्वरचं पुढचं वाक्य 'पन वरून लावाचा' असं होतं, ते त्याने रसवंतीच्या दिशेने धावणाऱ्या पाठीला सांगितलं. रसवंतीवाल्याकडून ललितने गोणपाटात बांधलेली बर्फाची चांगली पाच किलोची लादी आणली, आणि ती छातीशी धरून तो रांगत हॉलमध्ये शिरला.

अठ्ठावीस पोरांनी ललितला बाकांखालून जाताना पाहिलं. एकही बोललं नाही, कारण पाटी. ललित सातव्या बाकाखाली पोचला, उताणा पडला, आणि दोन्ही हातांनी बर्फ फळीला खालून दाबून धरला.

आता पाइनचा एक गुण ललितच्या अकराही व्हिडिओंत नव्हता. हे लाकूड थंडी-उष्णता सहसा आरपार जाऊ देत नाही. त्यामुळेच थंड मुलखातले लोक त्याची घरं बांधतात. इंचभर जाड फळीच्या खालून पाच किलो बर्फ लावला, तरी वर बसलेल्या माणसाला त्याचा पत्ता नव्हता. बर्फाला मात्र अकोल्याचा पत्ता लागला. तो वितळू लागला. आधी थेंब थेंब, मग धार. पाणी ललितच्या गळ्यातून, कानातून, बाकाखालून बाहेर आलं आणि फरशीवर पसरत पुंजाजीभाऊंच्या दोन्ही चपलांच्या मधून पुढे निघालं.

पहिल्या बाकावरच्या अलीझाचा पेपर अर्धा तास आधीच झाला होता. तिने मागे वळून पाहिलं. पुंजाजीभाऊ, वय एकसष्ट, चेहरा ओढलेला, जागचे हलायला तयार नाहीत, आणि खाली वाढत चाललेलं पाणी. अलीझाला फार वाईट वाटलं. तिच्या आजोबांनाही तोच त्रास होता. ती गुपचूप उठली, कोपऱ्यातला पोछा घेतला, आणि नजर दुसरीकडे ठेवून त्यांच्या पायाशी फरशी पुसू लागली. मग वाकून कानाशी म्हणाली, "काकाजी, लाजू नोका. पाच मिन्टं बाहेर जाऊन या. मी मॅडमले टाइम वाढवून मागतो."

पुंजाजीभाऊंनी खाली पाहिलं. त्यांचे डोळे विस्फारले.

"ते माह्यं नाही!" ते ओरडले.

सगळा हॉल वळून म्हणाला, "शू!"

त्या दोन वर्षांत अभ्यासिकेत इतक्या मोठ्याने कुणी बोललं नव्हतं. आणि आता काय बोलणार? आपलं नाही म्हणावं, तर मग कुणाचं? खाली वाकून बघावं, तर पँट चर्र करते. पुंजाजीभाऊंनी कान लाल करून पेपरात डोकं खुपसलं आणि बाप-मुलाच्या वयाचं गणित सोडवायला घेतलं. उत्तर आलं, त्यात मुलगा बापापेक्षा चार वर्षांनी मोठा होता.

चार वाजता पेपर संपला. पोरांनी एकमेकांचे पेपर तपासले. पुंजाजीभाऊंचा अलीझाकडे गेला. ललित ओल्या अंगाने अजून बाकाखालीच होता, कारण बाहेर निघायची वेळ चुकली होती. मग ज्योत्स्ना निकाल वाचायला उभी राहिली. अभ्यासिकेची एक रीत होती. निकाल खालून वर वाचायचा. ज्याचं नाव येईल त्याने उभं राहायचं, आणि सगळ्यांनी त्याच्यासाठी टाळ्या वाजवायच्या; शेवटच्यासाठी सगळ्यात जास्त, कारण त्यालाच जास्त गरज. दोन मार्कांनी हुकलेल्या बाईने हे ठरवलं होतं, आणि ते तिने मनापासून ठरवलं होतं.

अलीझाने दिलेला कागद तिने पाहिला आणि पुन्हा पाहिला. "पुंजाजीकाका. तेवीस."

टाळ्यांचा कडकडाट झाला. आयुष्यभर सभेत बसलेला माणूस. टाळ्या आणि आपलं नाव एकदम ऐकलं की उभं राहायचं, हे पुंजाजीभाऊंच्या हाडात मुरलेलं. सगळं विसरून ते उभे राहिले.

बाकही उभा राहिला.

सागवानाचा बाक असता तर त्याने पँट ठेवून घेतली असती. पाइनचा बाक बिचारा हलका; तो माणसाबरोबर गेला. टाळ्या अर्ध्यावर थांबल्या. खाली बाकाचं छप्पर गेल्यामुळे उताणा पडलेला ललित, छातीवर ओलं गोणपाट, सगळ्यांना दिसू लागला. पुंजाजीभाऊ त्याला बघायला गर्रकन डावीकडे वळले, तर मागच्या चार फुटांनी कूलर आडवा केला. कूलर बघायला उजवीकडे वळले, तर ज्योत्स्नाच्या टेबलावरचा पाण्याचा जार आणि एकोणतीस उत्तरपत्रिका जमिनीवर आल्या.

"काकाजी, हलू नोका!" मुनव्वर धावत आला. त्याच्या हातात टर्पेंटाइनची बाटली आणि फडकं होतं. "वाका. असेच वाका. टेबल धरा."

पुंजाजीभाऊ टेबल धरून वाकले. मुनव्वर मागून टर्पेंटाइनचा एकेक बोळा लावत राळ सोडवू लागला. हे काम वीस मिनिटं चाललं, आणि त्या वीस मिनिटांत मुनव्वरने संध्याकाळवर टाकलेलं सगळं बोलून घेतलं. "पाहून राहिला ना ललितभाऊ? मजेची गोष्ट अशी, का हे टर्पेंटाइनबी याच झाडाच्या राळेपासून निघते. म्हंजे ज्यानं चिकटवलं तोच सोडवते. पन चपड्याचे दोन हात मारले असते त ही पाळी आली असती का? काकाजी, चटका बसून राहिला का?"

"बसून राहिला," पुंजाजीभाऊ टेबलाशी बोलले.

शेवटी बाक सुटला. पँट वाचली, पण मागे एक भलामोठा तपकिरी डाग राहिला आणि टर्पेंटाइनचा वास दाराबाहेर जाऊ लागला. ज्योत्स्नाने आपली ओढणी त्यांच्या कंबरेला गुंडाळायला दिली. तिला आता सगळं संपल्याचं कळलं होतं. डोळ्यांत पाणी आलं, ते तिने लपवलंही नाही.

"काकाजी, माफ करा. उद्या हॉल खाली करून देतो."

पुंजाजीभाऊंनी तिच्याकडे पाहिलं, ललितकडे पाहिलं, मग अलीझाकडे पाहिलं.

"तेवीस कसे काय आले?" ते म्हणाले.

"सत्त्याहत्तर चुकले, काकाजी," अलीझा म्हणाली.

पुंजाजीभाऊंनी जमिनीवर पडलेली आपली उत्तरपत्रिका शोधली, घडी करून खिशात घातली, आणि ओढणी सावरत साक्षगंधाला निघून गेले.

सोमवारी सकाळी ज्योत्स्नाने पुस्तकं पोत्यात भरली. पोरं गुमान मदत करत होती. ललित बाक तासून, गाठींवर चपडा मारत बसला होता. निदान नव्या जागी तरी कुणी चिकटू नये म्हणून. दहा वाजता पुंजाजीभाऊ आले. हातात कालची उत्तरपत्रिका.

"ताई, हे पोते काहून भरून राहिले?"

"तुमीच त खाली करा म्हनलं."

"ते काल म्हनलं." पुंजाजीभाऊ चिडलेले होते, पण ज्योत्स्नावर नव्हे. "रात्री साक्षगंधात माह्यं भाषन झालं. कोनी आयकलं नाही. ज्याले त्याले एकच इचाराचं होतं, काकाजी, तेवीस मार्क खरे का? बाकाचं कोनी बोललं नाही, वासाचं कोनी बोललं नाही, तेवीस मात्र आख्ख्या डाबकी रोडले पाठ! आता मी हॉल बंद केला त लोक काय म्हनतीन? पुंजाजी नापास झाला म्हनून त्यानं अभ्यासिकाच बंद केली. नाही जमत. पह्यले मी पास होतो, मंग बंद करतो. पास कितीले?"

"चाळीसले," ज्योत्स्ना म्हणाली. तिचा आपल्या कानांवर विश्वास बसत नव्हता.

"किती दिवस लागतीन? दोन? तीन?"

असं करून पुंजाजीभाऊ अभ्यासिकेत दाखल झाले. रोज दहाला यायचे आणि सहाला जायचे. भाच्याचं जिमचं सामान त्यांच्याच अंगणात उतरलं आणि त्यावर त्यांची बायको कुरड्या वाळवू लागली. इकडे अठ्ठावीस पोरांचा जीव टांगणीला लागला. काकाजी नापास आहेत तोवर छप्पर आहे. पोरं त्यांना शंका विचारू देईनात. कुणी चहाला न्यायचं, कुणी राजकारण काढायचं. पण म्हातारा हट्टी होता, आणि ज्योत्स्ना त्याहून वाईट. कुणी प्रश्न विचारला की तिला उत्तर समजावल्याशिवाय राहवत नसे. तिने स्वतःच्या हाताने त्यांना नळाचं गणित शिकवलं.

"गनितातला नळ रोज येते, काकाजी. तेवढं मानून चाला."

"मानलं," पुंजाजीभाऊ मोठ्या कष्टाने म्हणाले. दुसऱ्या रविवारी त्यांना चौतीस पडले.

"तू पेपर कठीण काढ ना," ललितने घरी सांगून पाहिलं. "त्यायच्यापुरता वेगळा काढ."

"मी दोन मार्कानं हुकली, तेव्हा माह्या पेपरात कोनी असं केलं असतं तर?" ज्योत्स्ना म्हणाली.

तिसऱ्या रविवारचा पेपर झाला. मुख्य परीक्षेला अजून आठवडा होता. पुंजाजीभाऊंची उत्तरपत्रिका अलीझाने तीन वेळा तपासली, मग तोंड पाडून ज्योत्स्नाकडे दिली. ज्योत्स्नाने चौथ्यांदा तपासली. दोन मार्क इकडचे तिकडे करणं किती सोपं असतं, ते तिला त्या क्षणी समजलं. तिने निकाल वाचायला घेतला. यावेळी पुंजाजीभाऊ शेवटचे नव्हते, शेवटून तिसरे होते.

"पुंजाजीकाका. एक्केचाळीस."

कुणी टाळ्या वाजवेना. मग अलीझानेच सुरुवात केली, कारण नियम म्हणजे नियम, आणि हळूहळू सगळ्यांनी वाजवल्या. पुंजाजीभाऊ उभे राहिले, छाती पुढे काढून. टाळ्या संपल्या तरी ते बसले नाहीत. निकाल वर वर सरकत शेवटच्या नावापर्यंत गेला.

"अलीझा. ब्याऐंशी."

"किती?" पुंजाजीभाऊ म्हणाले.

"ब्याऐंशी, काकाजी."

पुंजाजीभाऊंनी मनात हिशेब केला. तो बरोबर आला. ज्योत्स्नाने शिकवलाच तसा होता. "म्हंजे मी हिच्या निम्माच?"

"पन तुमी पास झाले ना, काकाजी," ज्योत्स्ना म्हणाली. "ठरल्यापरमानं हॉल..."

"पास त कोनीबी होते, ताई!" पुंजाजीभाऊ पाटीकडे न बघता कडाडले. त्यांनी खिशातून फोन काढला आणि भाच्याला लावला. "हॅलो. सामान राहू दे आंगनातच. नाही, एवढ्यात नाही. काहून म्हंजे? इथं एक पोरगी हाय, तिच्याहून एक मार्क जास्त घेतो, अन् त्याच दिवशी तुले चाबी देतो. जास्त नाही, महिनाभर लागंन."

फोन ठेवून ते अलीझाकडे वळले. "आता पाह्यतोच तुह्याकडं."

सगळा हॉल अलीझाकडे बघू लागला. तिने शांतपणे पुस्तक उघडलं, आणि त्या दिवशी ती रोजच्यापेक्षा दोन तास जास्त बसली. पुढच्या सराव पेपरात तिला एक्क्याण्णव पडले.